रविवारी वाळलेला दगड

इंग्लंडातल्या थॉर्नवेल गावात नाताळ उलटला की चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, देवाकडे थंडी मागायची पद्धत होती. बाकीचं जग ऊन मागतं, पाऊस मागतं, आजाऱ्याला आराम मागतं. थॉर्नवेलची माणसं मात्र डोळे मिटून, माना खाली घालून म्हणायची, प्रभू, कडाक्याची थंडी पाठव, तळी गोठू दे, आमचे नळ फुटले तरी चालतील. आणि त्यावर असा घसघशीत आमेन यायचा की खिडकीच्या काचा वाजाव्यात.

कारण त्या गावाची छपरं थंडीनं घडवलेली होती. शेताखालच्या खाणीतून चुनखडीचा थर काढायचा. लाकडाचा नसला तरी त्याला ओंडकाच म्हणत. तो सुट्या थरांनी उघड्या शेतात एकावर एक रचायचा आणि ओला ठेवायचा. खाणीतून येताना दगडाच्या अंगात जी ओल असते, ती गोठली की आतल्या आत फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मग हातोडीच्या हलक्या टोल्यासरशी त्यातून कौलं निघतात, जाड पुस्तकाची पानं सुटावीत तशी. पण थंडी पडण्याआधी ओंडका एकदा का सुकला, की मग त्याच्यावर नदी आणून ओता, काही उपयोग नाही. दगड मेला, असंच म्हणत लोक. मेलेला दगड कुंपणात घालायचा आणि विसरायचा.

एका वर्षी पानगळीच्या दिवसांत आलेल्या वादळानं चॅपलच्या छपराची पार दशा केली होती. कौलं पेलणाऱ्या लाकडी खुंट्या आतून कुजलेल्या. एक कौल घसरलं ते शेजारच्याला घेऊन गेलं, आणि सकाळी अंगणात नुसता खच. शाबूत राहिलेली वेचून भिंतीशी रचली, त्यांनी अर्धं छप्परही झाकलं नसतं. वर ताडपत्री टाकली. उरलेल्यासाठी सिमेंटची कौलं आणावीत असं बऱ्याच विश्वस्तांचं मत पडलं. सगळी एका मापाची, एका रंगाची, लॉरीत बसून येतात, काम झटपट.

तेव्हा ॲम्ब्रोज प्रिडमोर जिवंत होता. छातीत खाणीची धूळ बसलेली, दार ते फाटक चालला तरी धाप लागायची. पण बैठकीत उठून उभा राहिला आणि म्हणाला, चॅपलचा ओंडका मी काढतो. खाणीत उतरला, कुशीवर आडवा पडून थराखालची वाळू उकरली, आणि वरचा दगड सुटेपर्यंत कान लावून बसला. थर सुटला. ॲम्ब्रोज घरी येऊन अंथरुणाला लागला, तो पुन्हा उठला नाही. ओंडका वर आणला तो त्याचा जुना भागीदार वॉल्ट सिसन यानं, ॲम्ब्रोजला मूठमाती देऊन झाल्यावर. विश्वस्तांनी ईस्टरपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर ओंडक्यातून कौलं निघाली तर दगडी छप्पर, नाहीतर लॉरी.

ओंडक्याला पाणी घालायचं काम ॲम्ब्रोजच्या बायकोनं, झिलानं, कोणाला न विचारता आपल्याकडे घेतलं. चॅपलच्या अंगणात पंप, अंगणाला लागून शेत, तिथेच ओंडका रचलेला. रोज सकाळी आणि दुपारी तिच्या बादल्या चालायच्या. पंपाचा दांडा असा किंचाळायचा की तिला घरून निघालेली पाहायची गरजच नव्हती, गाव तिला कानांनी ओळखायचं. झिला आडव्या हाडाची बाई, मोठ्या आवाजाची. तिचा राग दुधासारखा होता. भसकन उतू जायचा, आणि चूल पुसून होईपर्यंत निवायचाही.

तशी ती त्या हिवाळ्यात पहिल्यांदा चिडली ती नव्या पाळकावर. गेथिन प्रॉसर हा वेल्समधून आलेला उंच, वाळका माणूस. थॉर्नवेलच्या थंडीचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नाताळनंतरचे दिवस भलतेच ऊबदार गेले, तर यानं वेदीपाशी उभं राहून या सौम्य हवेबद्दल दयाळू पित्याचे मनापासून आभार मानले. आमेन म्हणायला कोणाचं तोंडच उघडेना. मागे कोणीतरी खोकलं, तेवढंच. उपासना सुटल्यावर झिलानं त्याला दारात गाठलं आणि म्हणाली, "पाळकसाहेब, आम्ही गावभर ज्याला थंडी मागतो त्याला तुम्ही नको म्हणून कळवलंत. आता त्यानं कोणाचं ऐकायचं?" बिचाऱ्याला सगळं समजावून सांगितल्यावर पुढच्या रविवारी त्यानं इतक्या कळकळीनं हिम मागितलं की पुढच्या बाकावरच्या बायकांनी शाली ओढून घेतल्या.

राग तिथेच मिटला, कारण झिलाला त्याचा उपदेश आवडायचा. तो साध्या बोलण्यात सुरू व्हायचा, शेजाऱ्याशी बोलावं तसा. मग कुठेतरी वाक्याला चाल लागायची, स्वर एकेक पायरी चढायचा, तेच शब्द फिरून यायचे ते वेगळ्याच सुरात, आणि बोलणं कधी संपलं नि गाणं कधी लागलं ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही. थॉर्नवेलकरांना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. झिलाचा धाकटा भाऊ जेबेझ टॉम्ब्लिन, विश्वस्तांचा मुख्य, म्हणाला, हा उपदेश आहे की गुरांचा लिलाव? पण झिला त्या गाण्यात ॲम्ब्रोज गेल्यानंतर प्रथमच मोकळं रडली होती. असा आवाज देवानं एखाद्यालाच दिलेला असतो, आणि तो सगळ्यांसाठी दिलेला असतो.

जेबेझ सुतार होता. सरळ माणूस, उधारी न ठेवणारा, शब्दाला जागणारा. त्याच्या घरी रविवार म्हणजे रविवार, देवाचा दिवस, कामाला हात लावायचा नाही. बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात पडायचे, बुटांना शनिवारीच पॉलिश व्हायचं, दाढी शनिवारीच. दगडवाले लोक रविवारीही ओंडक्याला पाणी घालत. गाय दुधाला येते तसा ओंडका पाण्याला येतो, असं ते म्हणत, आणि आजवरच्या पाळकांनी तिकडे काणाडोळा केला होता. जेबेझला ते कधी पटलं नाही. पण मेहुण्याच्या तोंडावर तो तसं बोलला नव्हता.

फेब्रुवारी लागला आणि झिलाच्या लेकीचे, रूथचे, दिवस भरले. ती नवऱ्याबरोबर तालुक्याच्या गावी राहायची. एका शुक्रवारी निरोप आला, कळा सुरू झाल्यात. वॉल्ट तेव्हा खोकल्यानं पडून होता. झिला जेबेझच्या कारखान्यात गेली. तो खिडकीची चौकट रंधत होता. तिनं त्याला सांगितलं, मी मंगळवारपर्यंत येते, तोवर ओंडक्याला पाणी घाल, वारा सुटला तर जास्त घाल. तो मान हलवून बरं म्हणाला. ती बस गाठायला धावली.

रूथला मुलगी झाली. झिला परतली तेव्हा ओंडका ओलाच दिसला, काळसर, जसा हवा तसा. तिनं भावाच्या घरी जाऊन नातीची बातमी दिली, चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या बादल्या पुन्हा सुरू झाल्या.

आणि मग थंडी आली. आली ती अशी की अंगणातला पंप झिलाला पोत्यानं गुंडाळावा लागला, आणि सकाळी किटलीतलं कढत पाणी ओतल्याशिवाय दांडा हलेना. गवत पायाखाली काचेसारखं मोडायचं. लोक एकमेकांना रस्त्यात अडवून हसत होते. चॅपलमध्ये प्रॉसरनं थंडीचे आभार मानले तेव्हा आमेनच्या दणक्यानं वरची ताडपत्री हलली असं म्हणतात. मग हवा सैल झाली, ओंडक्यावरून पाणी ठिबकू लागलं, आणि वॉल्ट मफलर गुंडाळून, हातोडी घेऊन शेतात आला. निम्मा गाव त्याच्यामागे.

वॉल्टनं पहिल्या थराच्या कडेला हलकेच टोला दिला. जिवंत ओंडक्याचा आवाज भरलेल्या पिंपासारखा येतो, आणि कडेवर केसाएवढी रेघ उमटते. इथे आवाज आला ठण्ण, ऐरणीवर मारल्यासारखा. वॉल्ट दुसऱ्या बाजूला गेला. ठण्ण. तो गुडघ्यावर बसला, कडेवरून अंगठा फिरवला, आणि बसूनच राहिला.

"हा मेलाय, पोरी," तो म्हणाला.

"नीट मार."

"आयुष्यभर नीटच मारतोय मी. थंडीआधीच मेलाय हा. वरून ओला, आत खडखडीत."

झिलाला आधी त्याचाच राग आला. म्हातारा झालास, हात चळला, असं ती भर गर्दीत त्याला बोलली. मी याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. तिनं मान वळवून भाऊ कुठे आहे ते पाहिलं. जेबेझ भिंतीशी उभा होता. टोपी त्यानं काढून हातात धरली होती.

"जेबेझ, मी नव्हते तेव्हा पाणी घातलंस ना?"

"घातलं."

"रोज?"

"शनिवारी घातलं. सोमवारी दुप्पट घातलं."

वॉल्टनं हातोडी गवतावर ठेवली. झिला भावाकडे चालत गेली. लोक बाजूला झाले.

"आणि मधे?"

"मधे रविवार होता, झिला."

त्या रविवारी पूर्वेचा वारा सुटला होता. सगळ्यांनाच आठवलं. कोरडा, लखलखीत उन्हाचा दिवस, रविवारी कपडे धुता येत नाहीत म्हणून बायकांनी रिकाम्या दोऱ्यांकडे पाहून हळहळावं असा.

"तुझ्या गाईचं दूध काढतोस रविवारी?" झिलानं विचारलं. आवाज अजून चढला नव्हता, आणि त्यानंच लोक घाबरले.

"काढतो. गाय ओरडते. जिवाला त्रास होत असेल तर ते दयेचं काम."

"हाही ओरडत असेल. तुला ऐकू आलं नाही. मला शुक्रवारीच नाही म्हणायचं होतंस. मी वॉल्टला अंथरुणातून ओढून आणलं असतं. पाळकाला सांगितलं असतं. वाटेवरच्या भिकाऱ्याला सांगितलं असतं."

"तू बसला चालली होतीस. आणि रविवारी मी दुसऱ्या कोणाला सांगायचं म्हणजे माझं पाप त्याच्या अंगावर घालायचं. तेही चालत नाही." जेबेझचे ओठ पांढरे पडले होते. "मी सकाळभर प्रार्थना केली, झिला. वारा पडू दे म्हणून. गुडघे टेकून केली."

"बादली अंगणात होती."

जेबेझनं पंपाकडे पाहिलं.

"तुझा आत्मा तेवढा धुतलेला राहिला," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज शेताच्या टोकापर्यंत गेला. "आणि तो धुवायला ॲम्ब्रोजचा शेवटचा श्वास वाळवलास तू. तो आत आडवा पडून वाळू उकरत होता तेव्हा त्यानं विचारलं नाही आज वार कोणता. सोमवारी दुप्पट घातलंस ना? मेलेल्याला आंघोळ घालतात तशी. म्हणजे मला दिसू नये. माझ्यासमोर चहा ओतलास, पोरीचं नाव काय ठेवलं विचारलंस, आणि गप्प बसलास. ते कुठल्या आज्ञेत बसतं सांग मला."

जेबेझ म्हणाला, त्याला वाटलं होतं एका दिवसानं काय होतंय. मग टोपी न घालताच तो निघून गेला.

गर्दी पांगली तरी वॉल्ट तिथेच होता. त्यानं दोघा गड्यांना हाताशी धरून वरचे थर उतरवले. सगळ्यात खालचे थर बांधाच्या सावलीत, ओल्या मातीला टेकून पडले होते. त्यातल्या एकाला त्यानं जीभ लावून पाहिली, मग वाकून बोटाच्या पेरानं वाजवला. यात जीव आहे, तो म्हणाला. वरच्यांनी पांघरूण घातल्यासारखं झालंय, थंडी नीट पोचली नाही. अजून एक थंडी मिळाली आणि तोवर ओले राहिले, तर हे उघडतील. छपराला पुरतील का, असं झिलानं विचारलं नाही. तिनं बादली उचलली.

त्यानंतर ती चॅपलमध्ये गेली नाही. गावात दोन तट पडले. दगडवाले म्हणत, सुताराच्या हाती ओंडका देणं हीच चूक. बाकीचे म्हणत, माणूस आपल्या देवाला भ्यायला, त्याला फाशी देणार का? जेबेझची बायको कोबी नि कोळसा झिलाच्या दाराशी ठेवून जायची. झिला ते उचलून बाहेर भिंतीवर मांडायची, ज्याला हवं त्यानं न्यावं. हा राग उतू जाणारा नव्हता. तिला सकाळी जाग यायच्या आधी तो जागा व्हायचा, आणि ती चुलीशी बसली की शेजारी येऊन बसायचा.

प्रॉसर पाळक भेटायला आला, तर तिनं दारातच विचारलं, गोड बोलून मला शांत करायला आलात का? तो म्हणाला, "नाही बाई. चहा प्यायला आलो." चहा घेऊन, केक खाऊन, देवाचं अक्षर न काढता तो गेला. त्याचाही तिला राग आला. म्हणजे यालाही काही बोलायचं नाही.

मार्च उजाडला तेव्हा थंडीची आशा सुटली होती, आणि नेमकी तेव्हाच ती पुन्हा आली. शनिवारी संध्याकाळी आभाळ निवळून हिरवट झालं. रविवारी सकाळी शेत पांढरं होतं, आणि वारा पूर्वेचा.

झिलाला पहाटे पाणी घालून चॅपलला जाता आलं असतं. दगडवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तसंच केलं होतं, गुपचूप, घंटेआधी. तिनं पहाटे घातलंच. पण वारा थांबेना, आणि उन्हानं कडा फिकट दिसू लागल्या. घंटा झाली, लोक आत गेले, पहिलं गीत सुरू झालं. ते संपायच्या आत तिनं पंपावर कढत पाणी ओतलं आणि दांडा धरला. तिला कळत होतं आत काय ऐकू जाणार आहे. जावं असंच तिला वाटत होतं.

पंप किंचाळला. तिनं बादली भरून नेली, थरांवर ओतली, परत आली. पुन्हा किंचाळला. आत प्रॉसर वचन वाचत होता, ते मधेच थांबलं. बाकांवर चुळबुळ झाली असणार. ताडपत्रीच्या छपरातून आतलं सगळं बाहेर येत होतं आणि बाहेरचं आत जात होतं.

मग त्याचा आवाज आला, नेहमीसारखा, शेजाऱ्याशी बोलावा तसा. मी आज वेगळंच सांगणार होतो, तो म्हणाला, पण मला माझी आई आठवली. तिकडे आमच्या गावात डोंगर पोखरून दगड काढतात. माझा बाप आत दगडाखालीच राहिला, परत आला नाही. आम्ही पोरं रविवारी चॅपलला जायचो, आई घरी राहायची. चॅपल घराला लागून. आम्ही इकडे गीत म्हणायचो आणि तिकडे ती भांडी घासायची. आपटून आपटून घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची.

झिलानं दांडा दाबला.

लोक म्हणायचे, त्या बाईला गप्प करा. आणि इथे त्याच्या वाक्याला चाल लागली. आमचा म्हातारा पाळक म्हणायचा, करू नका. आमची गीतं सगळी पाठ केलेली. त्या घरात मात्र कोणीतरी देवाशी आत्ता बोलतंय. कढई बोलते, झाकण बोलतं, पळी बोलते. ऐका. स्वर चढू लागला. पंपाचा दांडा वर गेला की तो थांबायचा, खाली आला की शब्द टाकायचा. मुद्दाम करत होता की आपोआप होत होतं, देव जाणे. कढई बोलते, तू कुठे होतास. झाकण बोलतं, तू कुठे होतास. आणि आम्ही गाणारे गात राहिलो, आम्हाला वाटलं आम्हीच प्रार्थना करतोय.

झिलाचे हात थांबत नव्हते. गालावरून पाणी वाहून वाऱ्यानं तिथेच गार होत होतं, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. मला गाण्यात घेऊ नका, ती दात आवळून पुटपुटली. मला समजून घेऊ नका. माझं झालेलं नाही अजून. पण आवाज अंगणभर पसरला होता आणि त्यातून चालत जाण्याखेरीज शेताकडे दुसरी वाट नव्हती.

बादली ओतून ती परतली तेव्हा पंपापाशी जेबेझ उभा होता. रविवारचा काळा कोट, पॉलिशचे बूट, दुसरी रिकामी बादली हातात. चॅपलचं दार त्याच्यामागे उघडं होतं, आणि आतली पहिली रांग माना वळवून बघत होती.

"दे मला," तो म्हणाला. "मी घालतो."

"नको."

"झिला, मी सगळ्यांदेखत आलोय बाहेर."

"दिसतंय. त्या रविवारी यायचं होतंस, कोणी बघत नसताना." तिनं त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि पंपाखाली ठेवली. "आज घालून तुला बरं वाटेल. तुला बरं वाटावं म्हणून नाही मी पाणी घालत. आत जा, जेबेझ. तुझा रविवार तुझ्यापाशी राहू दे."

तो आत गेला नाही. घरीही गेला नाही. अंगणाच्या भिंतीला टेकून तो उपासना संपेपर्यंत थंडीत उभा राहिला, तिच्या खेपा बघत. ती त्याच्या समोरून येत-जात राहिली, आणि त्याच्या बुटांवर पाणी सांडलं तेव्हा तिनं माफी मागितली नाही.

त्या थंडीनं काम केलं. बर्फ सुटल्यावर वॉल्टनं खालच्या थरांना टोला दिला, आणि दगड उघडला. कड भरभर रेघारेघांनी भरून गेली, एकेक कौल हातात येत गेलं. आतला रंग ताज्या लोण्यासारखा. वॉल्ट कामाच्या वेळी कधी बोलायचा नाही, तो मोठ्यानं ॲम्ब्रोजचं नाव घेऊन शिवी देऊन हसला. झिलानं पहिलं कौल उचलून पोटाशी धरलं. मग खाली ठेवलं आणि उरलेल्यांकडे पाहिलं. वाचलेली जुनी आणि ही नवी मिळून छपराची एक बाजू होणार होती. दुसरीला नाही. वरचे मेलेले थर कुंपणाशी पडले होते. त्यांच्यातच ती दुसरी बाजू होती.

ईस्टरच्या आधी विश्वस्त बसले. ओंडका ॲम्ब्रोजनं दिलेला म्हणून झिलाला बोलावलं होतं. सिमेंटची कौलं एका बाजूला लागणार हे उघडच होतं, प्रश्न होता कोणत्या. बहुतेकांना वाटत होतं यात विचार काय करायचा. दगडी कौलं रस्त्याच्या बाजूला, जाणाऱ्या-येणाऱ्याला चॅपल जसं होतं तसं दिसेल. सिमेंट मागे, कबरींच्या बाजूला, तिकडे बघतं कोण. शेजारच्या गावांनीही तसंच केलं होतं.

झिला उभी राहिली. "दगडी कौलं मागे लावा," ती म्हणाली. "कबरींकडे. ॲम्ब्रोज तिकडे आहे, त्याला दिसू दे. रस्त्याकडे सिमेंट."

कोणीतरी म्हणालं, अगं, पण ते किती वाईट दिसेल.

"दिसू दे. लोक विचारतील, दगडाच्या गावात हे काय. विचारू दे."

सगळे जेबेझकडे बघायचं टाळत होते. मुख्य विश्वस्त तोच, हात वर करायला त्यानंच सांगायचं. तो टेबलाच्या लाकडावर अंगठा घासत बसला. रंध्यानं गुळगुळीत केलेलं ते टेबल त्याच्याच हातचं होतं. मग त्यानं स्वतःचा हात वर केला. एकट्याचाच. बाकीचे हात हळूहळू नंतर आले.

वॉल्टनं मागची बाजू चढवली. वळचणीला मोठी कौलं, वर चढताना लहान होत जाणारी, आणि पाऊस पडला की ती सगळी एका सुरात काळसर व्हायची. पुढची बाजू लॉरीतून आली. सपाट, तपकिरी, रेघ मारल्यासारखी. रस्त्यावरून जाणारे खरंच थांबायचे.

झिला पुन्हा चॅपलला जाऊ लागली, मागच्या बाकावर. प्रॉसर गायला लागला की ती डोळे मिटायची. भावाशी बोलायची नाही. भाऊही दुसऱ्या बाजूनं जायचा.

उन्हाळ्यात एकदा ती बाजाराची टोपली घेऊन चॅपलवरून चालली होती. फाटकाशी कोळशाची गाडी उभी होती, आणि गाडीवाला, बाहेरगावचा माणूस, जेबेझला मानेनंच छप्पर दाखवून विचारत होता, हे असं भलतंच कसं केलंत? पैसे संपले काय? जेबेझनं तिला पाहिलं नव्हतं. पैसे संपले म्हणता आलं असतं. थंडी कमी पडली म्हणता आलं असतं, गावात बरेच जण तसं सांगतही होते.

"पैशाचं नाही," जेबेझ म्हणाला. "दगड ओला ठेवायचा असतो. माझ्यावर सोपवला होता. रविवार होता म्हणून मी पाणी घातलं नाही. तो सुकला."

गाडीवाल्याला काही कळलं नाही. तो हसला आणि पोती उतरवू लागला. टोपलीचा हात बदलत झिला पुढे आली. त्या शेतातल्या दिवसापासून तिच्या मनात त्याच्यासाठी साठलेले शब्द पुष्कळ होते, आणि त्यातला एकही मऊ नव्हता.

"पूर्वेचा वारा होता," ती म्हणाली. "तेही सांग त्याला."

आणि न थांबता ती घराकडे चालू लागली.